आउटबोर्डचा पाणीपंप बदलताना आधी जुनी पाती मोजा

सकाळी कर्लीच्या खाडीत पहिली होडी सुटते तेव्हा मी काठावरूनच तिच्या मागे टांगलेल्या आउटबोर्ड इंजिनाची पाण्याची धार बघतो. आवाजाकडे लक्ष नंतर. टोपाच्या, म्हणजे इंजिनावरच्या झाकणाच्या खाली, मागच्या बाजूला पेन्सिलीचं टोक जाईल एवढं एक भोक असतं आणि इंजिन चालू असताना त्यातून पाणी पडत राहतं. ती धार ताठ पडत असेल तर खालचा पंप पाणी वर चढवतोय आणि ते सिलिंडरभोवती फिरतंय. धार तुटक झाली, मरगळली किंवा तिच्यातून वाफ दिसली, तर इंजिन तिथेच बंद करायचं. ‘एवढी फेरी मारून येतो’ म्हणणाऱ्यांची इंजिनं मी नंतर उघडली आहेत. पिस्टन सिलिंडरला चिकटलेला असतो आणि पंपाच्या रबराच्या कितीतरी पट खर्च समोर उभा राहतो.

मी मालवणजवळच्या देवबागचा. वडील रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्यावर होते, मी मामाच्या हाताखाली इंजिनं शिकलो. डॉल्फिन दाखवणाऱ्या, त्सुनामी आयलंडला नेणाऱ्या, स्कूबाच्या आणि गळाने मासे गरवायला जाणाऱ्या होड्यांची इंजिनं माझ्याकडे येतात. बरीचशी १५ आणि ४० एचपीची टू-स्ट्रोक. पाणीपंप बदलण्याचं काम प्रत्येक होडीवाल्याला स्वतः करता आलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं. त्याला मोठी हत्यारं लागत नाहीत, अर्ध्या दिवसात ते होतं. पण नवीन रबर बसवलं म्हणजे काम झालं, ही समजूत फार पसरलेली आहे. मीही एकदा त्याच समजुतीत काम केलं होतं, म्हणून तीच गोष्ट आधी सांगतो.

शिकायला लागून दोन वर्षं झाली होती. ऐन डिसेंबरात एका स्कूबावाल्याचं ४० एचपी गरम होतंय म्हणून आलं. मी इंजिनाच्या खालच्या टोकाचा गिअरबॉक्स उतरवला, पंप उघडला. इम्पेलरची, म्हणजे पंपातल्या रबरी पात्यांच्या चाकाची, सहापैकी चारच पाती जागेवर होती. नवीन इम्पेलर घातला, सगळं आवळलं, पिंपात चालवून बघितलं, धार छान आली. संध्याकाळी मामाला सांगितलं तर त्याने एकच विचारलं, ‘‘पाती गावली काय रे सगळी?’’ मी म्हटलं, दोन नव्हती. ‘‘मगे ती खंय गेली?’’ मला उत्तर देता आलं नाही. चौथ्या दिवशी ते इंजिन सिंधुदुर्ग किल्ल्याच्या मागे पुन्हा तापलं. होडीत माणसं होती, दुसऱ्या होडीने ओढून आणावं लागलं. उघडल्यावर एक पातं पाण्याच्या नळीच्या वरच्या तोंडाशी आडवं अडकलेलं मिळालं आणि दुसऱ्याचे तुकडे थर्मोस्टॅटखाली, म्हणजे पाणी तापल्यावर उघडणाऱ्या झडपेखाली. कमी वेगात त्यांच्या बाजूने पाणी जात होतं, पूर्ण वेगात पुरत नव्हतं. तेव्हापासून मी जुनी पाती मोजल्याशिवाय नव्याचं पाकीट फोडत नाही.

पंप कसा चालतो हे एकदा डोळ्यांपुढे आणा, म्हणजे पुढचं सगळं आपोआप समजेल. गिअरबॉक्सच्या माथ्यावर, इंजिनाची फिरकी खाली पंख्याकडे नेणाऱ्या उभ्या ड्राइव्ह शाफ्टभोवती एक स्टीलची वाटी उपडी बसवलेली असते. तिच्यात रबराचा इम्पेलर. शाफ्टवर एक छोटी अर्धगोल चावी असते, तिच्यामुळे इम्पेलर शाफ्टबरोबर फिरतो. वाटीचा मध्य आणि शाफ्टचा मध्य मुद्दाम एकमेकांपासून सरकवलेला असतो. त्यामुळे एका बाजूला पाती पसरतात आणि पाणी आत ओढतात, दुसऱ्या बाजूला दबतात आणि पाणी नळीत ढकलतात. हा कमी वेगातला प्रकार. वेग वाढला की पाण्याच्या दाबानेच पाती वळून राहतात, वाटीच्या भिंतीला पूर्ण टेकत नाहीत, आणि पंप पाणी नुसतं भिरकावून पुढे लोटतो. म्हणून जुन्या, कडक झालेल्या इम्पेलरचं दुखणं पहिल्यांदा बारीक वेगात दिसतं. जेट्टीला लागताना धार मरते आणि वेग दिला की परत येते, असं तुम्ही पाहिलं असेल. उलट वेग दिल्यावरच इंजिन तापत असेल तर पुढे वाटेत काहीतरी अडलंय असा संशय घ्या. हा काही कायदा नव्हे, पण शोध कुठून सुरू करायचा ते यावरून ठरवता येतं.

या रबराला वंगण म्हणजे पाणीच. कोरड्यावर इंजिन सुरू केलं तर काही सेकंदांत पाती घासून तापायला लागतात. गिऱ्हाइकाला इंजिन चालतं हे दाखवायला वाळूवर ओढलेल्या होडीत ते दोन मिनिटं चालवणं म्हणजे नवा इम्पेलर जाळणं. आमच्याकडे दुसरा शत्रू वाळू. ओहोटीला खाडी-समुद्राच्या संगमाजवळच्या वाळूच्या पट्ट्यांवरून होड्या जातात, पंखा (प्रोपेलर) तळाची वाळू उकरतो आणि तीच वाळू पाणी ओढायच्या जाळीतून पंपात शिरते. अशी वाळू खाल्लेली स्टीलची वाटी आतून बोट फिरवल्यावर खरखरीत लागते.

पंप उघडायच्या आधी

धार नाही म्हणजे पंपच गेला असं लगेच धरू नका. आधी भोकातून नायलॉनची जाड तंगूस किंवा मऊ तांब्याची तार घालून बघा. मीठ, गाळ आणि पावसाळ्यात बंद पडून राहिलेल्या इंजिनात कुंभारमाशीचं मातीचं घर, हे सगळं मी तिथून काढलेलं आहे. सुई किंवा लोखंडी तार नको, भोकाचं तोंड फाटतं. मग गिअरबॉक्सच्या दोन्ही बाजूंच्या जाळ्या बघा. प्लास्टिकची पिशवी जाळीला चिकटली की पाणी बंद, आणि इंजिन थांबवल्यावर ती पिशवी सुटून वाहून जाते, त्यामुळे पुढच्या वेळी सगळं ठीक वाटतं. हे सगळं स्वच्छ असूनही धार कमी असेल तर पाना-पक्कड बाहेर काढा.

नुसता इम्पेलर घेऊ नका, पूर्ण किट घ्या. त्यात इम्पेलर, चावी, पॅकिंग आणि ओ-रिंग येतात. मोठ्या किटमध्ये वाटी, इम्पेलरखाली बसणारी स्टीलची पट्टी आणि वाटी ज्यात बसते ते प्लास्टिकचं घरही येतं. दुकानात इंजिनाचं मॉडेल सांगून थांबू नका, जुना इम्पेलर हातात घेऊन जा. पातींची संख्या, मधल्या बुशाची (शाफ्टवर बसणाऱ्या नळीची) उंची, शाफ्टचं भोक आणि चावीची खाच, या चारही गोष्टी जुळल्या पाहिजेत. एकदा एका दुकानातून आलेला नकली इम्पेलर वरून अगदी बरोबर दिसत होता, पण उंचीला अर्ध्या मिलिमीटरने कमी होता. वाटी आणि पट्टीच्या मध्ये तेवढी फट राहिली आणि बारीक वेगात धार आलीच नाही. नवा इम्पेलर घेताना पातं बोटाने पूर्ण वाकवून सोडा. ते झटकन सरळ झालं पाहिजे. दुकानात वर्षानुवर्षं पडून कडक झालेलं रबर असंच ओळखता येतं.

हत्यारांत १०, १२ आणि १४ चे रिंग पाने, पक्कड, दोन चपटे स्क्रू ड्रायव्हर, लाकडी हातोडा, लाकडाच्या दोन पाचरी, तारेचा ब्रश, चांगलं मरीन ग्रीस आणि गंज सोडवणारं तेल. खाली अंथरायला जुनी ताडपत्री हवीच. वाळूत पडलेला एक बोल्ट शोधण्यात माझी एक अख्खी दुपार गेली आहे.

गिअरबॉक्स उतरवताना

छोटं इंजिन असेल तर होडीवरून काढून लाकडी स्टँडवर उभं लावा. ४० एचपी मात्र होडीवरच राहू द्या, होडी पूर्ण वाळूवर घ्या आणि इंजिन वर उचलून त्याच्याखाली लाकूड द्या. इंजिन वर अडकवून ठेवणाऱ्या नुसत्या टिल्टच्या खटक्यावर विश्वास ठेवून खाली हात घालू नका.

स्पार्क प्लग काढून ठेवा आणि इंजिन बंद करणाऱ्या लाल दोरीची क्लिपही काढा. पंखा फिरवताना इंजिन चुकून सुरू होऊ नये म्हणून हे आहेच, शिवाय प्लग नसले की शेवटी फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरचं जड चाक, हाताने हलकं फिरतं, त्याचा उपयोग पुढे होतो. पंखाही उतरवा. त्याचे वॉशर कुठल्या क्रमाने निघाले त्याचा मोबाइलवर फोटो घ्या. पंख्याच्या शाफ्टवर गुंडाळलेली तंगूस दिसली तर ती आत्ताच कापून काढा, कारण ती सील कापत कापत आत जाते आणि मग गिअर ऑइलमध्ये पाणी शिरतं.

गिअर न्यूट्रलला घ्या. पुढच्या बाजूला, गिअरबॉक्सच्या जोडाच्या वर गिअरचा दांडा असतो. यामाहाच्या छोट्या इंजिनांत तो एका लांबट जोडनटाने वरच्या दांड्याला जोडलेला असतो. लॉकनट सैल करण्याआधी जोडनटाच्या वर-खाली किती आटे दिसतात ते मोजा आणि लिहून ठेवा. हे न मोजता सोडलं तर नंतर न्यूट्रलला इंजिन हळूच पुढे ओढतं किंवा रिव्हर्स पूर्ण लागत नाही. जेट्टीवर माणसं चढत असताना होडी पुढे सरकली तर काय होईल ते वेगळं सांगायला नको. काही मॉडेलांत दांडा नुसता खाचांत बसलेला असतो, तिथे सोडायचं काही नसतं, पण गिअरबॉक्स उतरल्यावर तो हलवू नका.

आता बोल्ट. मागे पंख्याच्या वर एक छोटं पातं असतं, ट्रिम टॅब. मोठ्या इंजिनांत पुष्कळदा त्याच्याखाली एक लपलेला बोल्ट असतो. तो सोडायचा राहिला आणि खालून हातोडा मारत राहिलं की गिअरबॉक्सचं घर फुटतं. टॅब काढण्याआधी मार्करने त्याची जागा आखून घ्या, कारण त्याच्या कोनावर होडी एका बाजूला ओढणार की नाही ते ठरतं.

खाऱ्या पाण्यात स्टीलचा बोल्ट अॅल्युमिनियममध्ये गंजून एकजीव होतो. हा बोल्ट जोर लावून सोडवायचा नाही. आदल्या संध्याकाळी त्याच्यावर गंज सोडवणारं तेल सोडा, सकाळी परत सोडा, पाना बसवून पान्यावर हलके ठोके द्या. एक अष्टमांश फेरा सैल, मग परत आवळा, मग परत सैल. तेल आत जातं आणि भुगा बाहेर येतो. नाहीच सुटला तर बोल्टाभोवतीचं अॅल्युमिनियम गरम पाण्याच्या फडक्याने शेका आणि मग प्रयत्न करा. आजूबाजूला पेट्रोलची टाकी असताना ब्लो टॉर्च लावणाऱ्यांना मी हात जोडतो.

सगळे बोल्ट निघाले की एकाने गिअरबॉक्स खालून धरायचा आणि दुसऱ्याने लाकडी हातोड्याने दोन्ही बाजूंनी आलटून पालटून ठोकायचं. जोडात फट आली की लाकडी पाचर. स्क्रू ड्रायव्हर तिथे घालू नका, जोडाची सपाट कड एकदा उचकटली की ती कधीच सरळ होत नाही. गिअरबॉक्स शाफ्टसकट सरळ खाली येऊ द्या, तिरका ओढू नका. वर पाण्याची नळी लटकत राहील. ती तांब्याची असेल तर आतला मिठाचा थर बघून घ्या.

मोजणी

गिअरबॉक्स उभा धरून ठेवा. पंपाचं घर चार बोल्टांवर बसलेलं असतं. ते सोडवून घर शाफ्टवरून वर सरकवा. इथे घाई करू नका. इम्पेलर घराबरोबर वर येतो किंवा शाफ्टवरच राहतो. राहिला तर दोन स्क्रू ड्रायव्हर बुशाखाली समोरासमोर लावून हळूहळू उचला, शाफ्टला ओरखडा पडू देऊ नका. अर्धगोल चावी त्याच क्षणी निसटून वाळूत जाते, म्हणून डावा हात शाफ्टभोवती वाटीसारखा धरा.

आता जुना इम्पेलर तळहातावर घ्या आणि नीट बघा. चांगल्या रबराची पाती सरळ उभी असतात, टोकांना गोल कड असते. म्हातारा इम्पेलर वाळवलेल्या कोकमाच्या सालीसारखा दिसतो: काळा, आकसलेला, सगळी पाती एकाच बाजूला वळून तशीच राहिलेली. पातं मुळाशी हलकेच वाकवा. तिथे केसाएवढी चीर दिसली तर ते पातं पुढच्या खेपेला तुटणार होतं. टोकं चकचकीत, सपाट झालेली असतील तर इंजिन कधीतरी कोरडं चाललंय. आणि टोकं कुरतडल्यासारखी असतील तर ती वाळूने खाल्ली.

मग मोजा. सहा पाती, प्रत्येक पूर्ण उंचीचं. अर्धं तुटलेलं पातं म्हणजे अर्धं आत आहे. एकही तुकडा कमी असेल तर पंप बसवणं थांबवा आणि तो शोधा. आधी घराच्या आत आणि नळीच्या खालच्या टोकाशी बघा, बॅटरी मारून. मग नळी काढून आरपार बघा. तिथेही नाही तर वर सिलिंडर हेडवरचा थर्मोस्टॅट काढा, त्याच्या खालच्या पोकळीत चिमट्याने चाचपा. शेवटी थर्मोस्टॅटच्या जागेतून गोड्या पाण्याचा पाइप लावून वरून खाली पाणी सोडा. दिशा वरून खालीच. खालून पाणी मारलं तर तुकडा आणखी आत, अरुंद जागेत जाऊन बसतो. खाली ताडपत्रीवर गाळणी किंवा जुनं फडकं ठेवा, म्हणजे काय आलं ते दिसेल. मी सगळे तुकडे ताडपत्रीवर जुन्या इम्पेलरभोवती जुळवून मांडतो, फुटलेली बशी जुळवावी तसे, आणि सहा पाती पुरी होईपर्यंत पुढे जात नाही.

तेवढ्यात थर्मोस्टॅट हातात आहे तर तो उकळत्या पाण्यात धाग्याला टांगून बघा. उघडला तर ठीक, नाही तर नवा घ्या.

वाटीच्या आतल्या भिंतीवरून आणि खालच्या पट्टीवरून नख फिरवा. नख अडकेल अशी खाच पडली असेल तर तो भाग बदला. नवा इम्पेलर जुन्या खाचांत घातला तर दोन महिन्यांत त्याची टोकं झिजतात, आणि लोक म्हणतात माल खराब होता. प्लास्टिकच्या घराला वितळल्याच्या खुणा किंवा तडा असेल तर तेही बदला. पट्टीखालचं जुनं पॅकिंग पूर्ण खरवडून काढा, पण अॅल्युमिनियम खरवडू नका. खरवडायला साधी प्लास्टिकची पट्टी धार लावून घेतली तर चांगली चालते.

आणखी एक, गिअरबॉक्स खाली आहे तोवर त्याचं तेल बघाच. खालचा स्क्रू सैल करून थोडं तेल बोटावर घ्या. काळसर असेल तर ते नुसतं जुनं झालंय. दूध घातलेल्या चहासारखं असेल तर पाणी शिरलंय, आणि पंपाखालचे शाफ्टचे सील हा पहिला संशयित. ते सील बदलायची वेळ आत्ताच आहे, परत सगळं उतरवायला कोण बसणार?

जोडणी

नवं पॅकिंग, मग पट्टी, मग पुन्हा पॅकिंग, ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने. पॅकिंगची सगळी भोकं खालच्या भोकांशी जुळतात का ते बघा. उलटं ठेवलं तर पाण्याचं एखादं भोक झाकलं जातं. चावीला ग्रीसचा ठिपका लावून शाफ्टच्या खाचेत चिकटवा. इम्पेलर वरून सरकवा, चावीवर बरोबर बसवा. बसल्यावर शाफ्ट हाताने थोडा फिरवून बघा, इम्पेलर बरोबर फिरला पाहिजे. तो मोकळा राहिला तर चावी घसरून खाली गेली आहे.

वाटीला आतून आणि पातींना भांडी घासायच्या साबणाचं पाणी लावा. त्याने पाती सहज वळतात आणि पहिल्या काही फेऱ्यांत पाणी येईपर्यंत रबर कोरडं घासत नाही. इंजिन ऑइल लावू नका, ते रबराला मानवत नाही.

आता घर इम्पेलरवर दाबत असताना शाफ्ट वरून बघून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवत राहा. आउटबोर्डचा शाफ्ट त्याच दिशेने फिरतो, आणि असं फिरवल्याने पाती मागे, म्हणजे फिरण्याच्या उलट वळतात. एका हाताने दाबायचं, दुसऱ्याने फिरवायचं. पाती एकेक करून वाटीत शिरताना बोटांना जाणवतात आणि शेवटी घर एकदम खाली बसतं. तिथून पुढे शाफ्ट कधीही उलट फिरवायचा नाही. उलट फिरला तर पाती उलटी वळतात आणि मुळाशी ताण येतो. बोल्टांना ग्रीस लावून ते समोरासमोर, आलटून पालटून आवळा. स्टीलचे बोल्ट मऊ धातूत आणि प्लास्टिकच्या घरावर जातायत हे मनात असू द्या. घर तडकेल एवढा जोर नको.

पाण्याच्या नळीला आणि घराच्या रबरी तोंडाला साबणाचं पाणी लावा. शाफ्टच्या वरच्या खाचांना बाजूंनी ग्रीसचा पातळ थर द्या. शाफ्टच्या अगदी माथ्यावर ग्रीस नको, ते क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य शाफ्टच्या, भोकात कोंडलं जातं आणि शाफ्ट पूर्ण वर बसू देत नाही.

गिअरबॉक्स वर चढवताना एकाच वेळी तीन गोष्टी जुळवाव्या लागतात: शाफ्ट क्रँकच्या खाचांत, पाण्याची नळी घराच्या रबरी तोंडात आणि गिअरचा दांडा त्याच्या जागी. म्हणून दोन माणसं हवीतच. एकाने खालून उचलायचं आणि नळीवर नजर ठेवायची, दुसऱ्याने वर फ्लायव्हील घड्याळाच्या काट्याच्या दिशेने अगदी थोडं थोडं फिरवायचं. खाचा जुळल्या की गिअरबॉक्स स्वतःहून बोटभर वर सरकतो. बोल्ट लावून आवळत आवळत गिअरबॉक्स वर ओढायचा प्रयत्न करू नका. फट राहिली असेल तर काहीतरी जुळलेलं नाही, खाली घ्या आणि परत बघा. नळी रबराच्या बाहेर, बाजूला बसली असेल तर इंजिन वरून बरोबर दिसतं आणि सगळं पाणी शाफ्टच्या पोकळीत वाया जातं. हे मी दुसऱ्यांच्या कामात चार वेळा पाहिलं आहे.

गिअरचा दांडा मोजलेल्या आट्यांइतकाच जोडा आणि लॉकनट आवळा. मग तपासा. न्यूट्रलला पंख्याचा शाफ्ट दोन्हीकडे मोकळा फिरला पाहिजे, रिव्हर्सला तो पकडला पाहिजे. इथे फक्त पकड लागते का एवढंच बघायचं, जोराने उलट फिरवायचं नाही.

तेल काढलं असेल तर नवं हायपॉइड गिअर ऑइल, ९० नंबरचं, खालच्या भोकातून वर भरत या. वरच्या भोकातून बुडबुड्यांशिवाय तेल यायला लागलं की आधी वरचा स्क्रू, मग खालचा. दोन्हींचे वॉशर नवे.

पिंपातली चाचणी

२०० लिटरचं निळं पिंप, विहिरीचं गोडं पाणी. पाण्याची पातळी गिअरबॉक्सच्या जोडाच्या वर असली पाहिजे, म्हणजे पंप पूर्ण बुडालेला असतो. पंखा अजून लावू नका. प्लग बसवून इंजिन सुरू करा आणि बारीक वेगात ठेवा. मी मनात वीसपर्यंत मोजतो. तोवर धार आली नाही तर बंद. पहिल्यांदा धारेत बुडबुडे येतात, मग ती सलग होते. दहा मिनिटं चालवा, सिलिंडर हेडवर हाताची पाठ टेकवून बघा: थर्मोस्टॅट उघडल्यावर तिथे हात क्षणभर ठेवता आला पाहिजे. पाणी गरम व्हायला लागलं की पिंपात नवं पाणी घाला, नाहीतर तेच गरम पाणी फिरत राहतं आणि काम बिघडलंय असं वाटतं.

कधी बदलायचा

आमच्याकडे पर्यटनाच्या होड्या मे संपता संपता वर घेतल्या जातात आणि पावसाळाभर झापांखाली झाकून राहतात. पुष्कळ जण हिशोबाने मेमध्येच नवा पंप घालून ठेवतात. मी ते करू देत नाही. तीन महिने इंजिन एका जागी राहिलं की दाबलेली तीन पाती त्याच वळणात बसून जातात. जुन्या इम्पेलरवर पावसाळा काढा, नारळी पौर्णिमेच्या आधी आठवडाभर नवा घाला. तोवर शक्य असेल तर पंधरा दिवसांनी दोरी हळूच ओढून शाफ्ट अर्धा फेरा पुढे सरकवा, म्हणजे पाती जागा बदलतात. मेमध्ये मात्र एक काम नक्की करा: गोड्या पाण्याच्या पिंपात इंजिन चालवून आतलं मीठ धुऊन काढा. रोज वाळूवरून जाणाऱ्या होडीने जानेवारीत पंप पुन्हा उघडून बघितलेला चांगला. खोल पाण्यात चालणाऱ्या होडीला हंगामाला एक पुरतो.

टोपाच्या आतल्या बाजूला मार्करने तारीख लिहा. होडीवर एक पूर्ण किट, तीन पाने आणि एक जास्तीची अर्धगोल चावी तेलकट फडक्यात गुंडाळून ठेवा. पहिल्या आठवड्याने गिअरबॉक्सचे बोल्ट पुन्हा पान्याने तपासा; पॅकिंग बसल्यावर त्यांतला एखादा तरी थोडा आवळला जातोच.